घासून गेलेली रेघ

नाना, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि काल कलकत्त्याहून तुमच्या नावे पत्र आलं. कुणी संशोधक आहेत. तुम्ही नोंदवलेली अमोनाइटची जात त्यांना पुन्हा तपासायची आहे, मूळ दगड पाठवाल का म्हणून विचारतात. तो दगड जगात एकच, आणि तो माझ्या कपाटात आहे. कालपासून मला अन्न गोड लागत नाही.

सोळाव्या वर्षी पांढऱ्या कपाळाने मी लोणावळ्याला माहेरी परत आले, तेव्हा आत्याने मला चुलीमागची जागा नेमून दिली. पाहुणे आले की तिथून हलायचं नाही. वर्षभराने तुम्हीच मला पडवीत बोलावलंत आणि हातात कानस दिलीत. त्रिचनापल्लीकडे नोकरीत असताना जमवलेले ते शंखाचे दगड, म्हणजे अमोनाइट, कोट्यवधी वर्षांपूर्वी संपलेले समुद्रातले जीव, तुम्ही पेटाऱ्यातून काढलेत. आपल्या घाटातला काळा दगड आगीतून आलेला, त्यात शंख औषधालाही सापडत नाही, म्हणून गावाला वाटायचं, म्हातारा शाळिग्राम विकायला बसलाय. वरचं कवच घासून काढलं की आतल्या कप्प्यांच्या भिंतींच्या दातेरी रेघा दिसतात. माणूस अंगठ्याच्या ठशावरून ओळखावा तसा अमोनाइट त्या रेघेवरून ओळखायचा, हे तुम्ही शिकवलंत. मी घासायची, रेघ कागदावर उतरवायची आणि तुम्ही जात ठरवायचात. त्या पडवीत मला मोकळा श्वास मिळाला, फक्त पडवीच्या पायऱ्या उतरायची मुभा नव्हती.

मग तो दिवस. पुण्याला शिक्षिकांच्या वर्गात नाव घालू का, असं मी विचारते. तुम्ही भिंगातून डोळा न काढता म्हणता, "मग या रेघा कोण काढणार?" माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते आणि मी घासत सुटते. भांडी घासायला येणारी कुरवंडे गावची मावशी जवळ येऊन बघते. "ताई, लय घासलंत. नक्षी गेली की त्याची." खरंच गेलेली असते. फार खोल घासलं की रेघेचे दाते झिजतात, नुसती साधी लाट उरते. मी ती लाटच कागदावर उतरवली. खरं सांगितलं असतं तर कानस हातातून गेली असती आणि पुन्हा चुलीमागे बसावं लागलं असतं.

तुम्ही चित्र उजेडात धरलंत. इतकी साधी रेघ त्या थरातल्या कुठल्याच अमोनाइटला नाही, ही नवी जात आहे, असं म्हणत तुम्ही दौत पुढे ओढलीत. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "हिला तुझं नाव देतो. आपल्या घरचं." विलायतेच्या मासिकात ते छापून आलं. त्यानंतर शिक्षिकांच्या वर्गाचा विषय मीच काढला नाही. तुम्हाला फसवून कुठल्या तोंडाने निघणार होते? तुम्ही अडवलंत त्याहून त्या रेघेने मला जास्त बांधून घातलं, नाना.

आज सकाळी कलकत्त्याला उत्तर टाकलं: वडील वारले, दगड गहाळ झाला. तुमची अब्रू राखायला खोटं लिहिलं, असं दिवसभर स्वतःला समजावत होते. ते खरं नाही. सासरी बदललेलं नाव यजमान गेले त्यांच्याबरोबर गेलं, आणि माहेरच्या नावाने हाक मारणारे तुम्हीही गेलात. आता त्या नावाची जगात एवढी एकच जात उरली आहे. ती कधी नव्हतीच, हे मला एकटीला ठाऊक आहे, आणि तरी ती मला पुसवत नाही.