मावशीचा पहिला घास

तीर्थस्वरूप मावशीस,

तुझ्या लाडक्या भाच्याचा (निदान मागच्या खेपेपर्यंत लाडका होतो) साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? मी तुझ्या हातातलं सँडविच काढून घेतलं आणि तू तशीच उपाशी, तोंड फिरवून निघून गेलीस, तेव्हापासून चार ओळींचं पत्र नाही. राग कळतो, पण आधी बातमी ऐक. तुझा भाचा कलावंत ठरला!

कवळ्या घडवण्यात माझा हात धरणारा गावात कोणी नाही, हे तुला ठाऊकच आहे. (हे दातांचे डॉक्टर म्हणतात, मी फक्त सगळ्यांना सांगतो.) तर एकदा काकडी-चीजचं सँडविच अर्धवट टाकून फोन घ्यायला गेलो. परत येऊन बघतो तर चीजवर माझ्या पुढच्या दोन दातांमधली फट जशीच्या तशी! ती तर अण्णांची फट. वडील गेले, फट राहिली. डोळ्यांत पाणी आलं आणि हातासरशी मी त्यावर प्लास्टर ओतलं. तेव्हापासून घरी येईल त्याला सँडविच द्यायचं (पाव थोडा शिळा, लोणी जाड, चीज फ्रिजमधून नुकतंच काढलेलं, नाहीतर ठसा फिसकटतो) आणि पहिला घास घेतला रे घेतला की ते काढून घ्यायचं. पोस्टमन, शिंपी, इस्त्रीवाला, व्याही, कोणाला सोडलं नाही. व्याह्यांनी मग आम्हाला सोडलं. बायको म्हणते, "लोकांच्या तोंडचा घास काढून घेण्याला कला म्हणतात, हे मला लग्नानंतरच कळलं."

हे ठसे रंगवून, चौकटीत बसवून वाचनालयाच्या प्रदर्शनात मांडले. नावं मुद्दाम लिहिली नाहीत. तरी शिंप्याने आपला ठसा लगेच ओळखला (दोरा तोडून तोडून त्याच्या दाताला खाच पडली आहे) आणि बराच वेळ त्याच्यापुढून हलेना. पण पहिलं बक्षीस कोणाला? तुझ्या घासाला! परीक्षक, म्हणजे चित्रकलेचे जुने मास्तर, चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "बाकीच्यांनी नुसते चावे घेतलेत. ही रेषा मात्र एका दमात ओढलीय. कुठे खाच नाही, खड्डा नाही. चंद्रकोर आहे!" माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटलं. अगं, तुझी कवळी कोणी केली? मी! दात असे रांगेत बसवलेत की खाच पडायची सोयच नाही. हे मी तिथल्या तिथे सगळ्यांना ऐकवलं. आता लोक कवळीसाठी घर शोधत येतात.

रविवारी समारंभ आहे आणि बक्षीस तूच घ्यायचंस. मास्तरांना तुला हसताना बघायचंय.

तुझा आज्ञाधारक भाचा

ता. क. पत्र बायकोने वाचलं. ती म्हणते, त्या दिवशी मावशींची कवळी सकाळपासून बेसिनवर पेल्यात होती. टोचते म्हणून जेवताना त्या ती काढूनच ठेवतात, हे तुम्हाला सोडून घरात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे बक्षीस हिरड्यांना मिळालं.

ता. क. आणखी एक. हे कोणाजवळ बोलू नकोस. शनिवारीच ये, कवळी घेऊन ये. कुठे टोचते ते दाखव, मी घासून देतो. रविवारी तू माझ्या दातांनी हसायला हवीस गं.

ता. क. शेवटचं. या वेळी सँडविच अख्खं तुझं. (हे बायकोने शेजारी उभं राहून लिहून घेतलंय, पण तिने सांगितलं नसतं तरी लिहिलं असतं.)