मुंगीचा एक पंख

१२ जून
आयझिरेक, माझी नात, परत शहरात गेली. जाताना माझ्या हाती बरणी दिली. आत एकच मुंगी. कामकरी मुंगीला पंख नसतात, हिला आहे. एकच, डावीकडे, कांद्याच्या पापुद्र्यासारखा. नात म्हणाली, "आज्जी, कोट्यवधी वर्षांपूर्वी सगळ्याच उडायच्या. ती विद्या अंगात कुलूपबंद पडलीय, कधीतरी चुकून उघडते." मला कसलं नवल! आमच्या घोडीला जादा खुराचं शिंगरू झालं होतं. सासूबाई म्हणाल्या, अपशकुन. नात म्हणते, जुन्या घोड्यांना बोटंच असायची. सासूबाई असत्या तर नातीलाच अपशकुन म्हणाल्या असत्या.
रविवारी तिचे सर मुंगी बघायला येणार. मुंगी पसंत पडली तर पोरगी पुढे शिकणार. नाहीतर भावांमागून मॉस्कोला, भांडी घासायला.
साखरपाण्याचा थेंब द्यायचा. कुणाला दाखवायची नाही. मी कशाला दाखवीन?

१४ जून
फक्त शेजारच्या बातमाला दाखवली. ती जावेला घेऊन आली. एकूण अकरा जण. अकरा म्हणजे काही गाव नव्हे.

१५ जून
बातमा "किती गोड!" म्हणाली आणि थुंकली नाही मेली. तेव्हापासून मुंगी मलूल. दृष्टच ही! आर्चाची, आमच्या डोंगरातल्या धुपाच्या झाडाची, फांदी पेटवली, "आलास, आलास", म्हणजे इडापिडा टळो, म्हणत बरणीभोवती तीनदा फिरवली. मग झाकण काढून थोडा धूर आतही सोडला. माझी चार पोरं याच धुरावर वाढली. एक अजून खोकतो, पण तो सिगारेटीनं.

१६ जून, सकाळ
झोपलीय. उताणी, पाय वर. दमली असेल.
म्हातारा म्हणाला, "अगं, मेलीय ती." म्हटलं, तुम्हीही असेच झोपता, मी पुरलं का तुम्हाला?

दुपार
अजून झोपलीय. तीनदा हाक मारली. ऊठ गं बाई. तिकडे मॉस्कोत बर्फात पोरीचे हात फुटतील.

संध्याकाळ
काजळीनं काळी झाली होती. म्हणजे आणखी काळी. पाहुण्यांपुढे अशी कशी ठेवायची? डोक्याच्या रुमालाचं टोक ओलं करून स्वच्छ पुसली. आता कशी चकाकतेय! उद्या उठेलच.

१७ जून, रविवार
आले. म्हटलं, झोपलीय. आयझिरेकचा चेहरा पांढराफटक पडला. पण सर म्हणाले, "मेलेली चालेल. पंख शाबूत असला म्हणजे झालं."
काय सांगू! सरांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, सगळ्यांना चहा ओतला, म्हाताऱ्याला सुद्धा. सरांनी भिंग काढलं. दोघं बरणीवर वाकले. पुष्कळ वेळ वाकले. मग नात हळूच म्हणाली, "आज्जी, पंख कुठाय?"
रुमाल मी सकाळीच उकळत्या पाण्यातून काढून वाळत घातलाय. अगदी पांढरा निघालाय.