घुमणाऱ्या आवाजाबाबत

तीर्थरूप ताईंना धाकट्या मेहुण्याचा नमस्कार.

तुमच्या गुडघ्याला उतार पडला असेल आणि नव्या डॉक्टरांवर तुमचा विश्वास बसला असेल, अशी आशा करतो. (माझा बसला नसता. पहिल्या भेटीतच हसणारा डॉक्टर मला चालत नाही.) माझी तब्येत ठीक आहे, जेवण वेळेवर होतं, झोपही लागते. फोनवर तुम्ही हेच विचारता म्हणून उत्तरं आधीच देऊन टाकली. पत्र अशासाठी, की फोनवर तुम्ही मला पुढचं बोलू देत नाही.

तुमची धाकटी बहीण अंध वाचकांच्या वाचनालयासाठी घरच्या कॉम्प्युटरवर पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची, हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्या वेळी ती मला फिरायला पिटाळायची, त्यामुळे ती हे कसं करते ते मी कधी पाहिलं नाही. शेवटचं पुस्तक रहस्यकथेचं होतं, ते अर्धवट राहिलं. सगळे संशयित दिवाणखान्यात जमलेत, तपास अधिकारी घसा खाकरतो, आणि तिथं तिचा आवाज थांबतो. खुनी कोण हे तिनं मलाही सांगितलं नव्हतं. जेवताना विचारलं की म्हणायची, "सगळ्यांना कळेल तेव्हा तुम्हालाही कळेल." आता तिची एक श्रोती, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर (दृष्टी गेलेली, आवाज खणखणीत), मला फोन करते. "पुस्तक तुमच्या टेबलावर आहे ना? मग शेवटचं पान उघडा आणि नाव सांगा. मी कुणाला बोलणार नाही." मी म्हटलं, मी वाचलेलं नाही. त्यावर बाई म्हणाल्या, "साहेब, मी जन्मभर लोकांचे फोन जोडले. खोटं बोलणारा मला श्वासावरून कळतो." म्हणजे त्या दिवाणखान्यात आता मीही उभा आहे.

तेव्हा उरलेली प्रकरणं आपणच वाचून पुस्तक पुरं करायचं ठरवलं. टेबलापाशी ताठ बसून, धाकटीचाच छोटा क्लिपवाला माइक लावून दोन पानं वाचली आणि वाचनालयात पाठवली. तिथल्या तपासनीस बाईंचा फोन आला. "काका, विहिरीत बसून वाचलंत का? काकूंच्या आवाजाला लागून हे लावलं तर ऐकणारे दचकतील." मला पहिला संशय माइकचा आला. एवढीशी वस्तू ती, तिच्याकडून प्रामाणिकपणाची अपेक्षा तरी किती करायची?

म्हणून रेकॉर्डिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात गेलो. मालक दाढीवाला आहे आणि न विचारता पाणी देतो. वजनमापं खात्यात उभी हयात गेल्यामुळे पाणी देणारा दुकानदार दिसला की माझी नजर आधी त्याच्या तराजूकडे जाते. इथे तराजूच नव्हता. त्यानं एक भलामोठा माइक दाखवला. "काका, हा कुजबुजसुद्धा पकडतो." मी विचारलं, कुणाची? तो नुसता हसला. मग म्हणे माइक आणि कॉम्प्युटरच्या मध्ये एक पेटी लागेल. (मध्ये बसून कमिशन खाणारे मी पुष्कळ पाहिलेत, पेटी पहिल्यांदाच पाहिली.) पेटीच्या बटणाभोवती शून्य ते दहा आकडे होते. दहा म्हणजे कशाचे दहा, असं विचारल्यावर तो म्हणाला, "मनाचे दहा, काका. कानाला बरं वाटेल तिथं थांबायचं." असल्या मापाला मी नोकरीत असताना जागच्या जागी सील ठोकलं असतं. तरी माइक, पेटी आणि मोठे हेडफोन घेऊन घरी आलो. पावती मात्र दुकानातच तीनदा वाचली.

तो माइक म्हणजे शुद्ध हेर आहे. त्याला फ्रीज ऐकू आला, वरच्या मजल्यावरचं नाक शिंकरणं ऐकू आलं, माझं मनगटी घड्याळ ऐकू आलं. घड्याळ स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं, फ्रीज बंद केला (दूध नासलं), वरच्यांना जिन्यात गाठून सर्दीची चौकशी केली. तेव्हापासून ते मला पाहून लिफ्टने जातात. एवढं करून पाठवलेल्या पानांवर तपासनीस बाई म्हणाल्या, "काका, विहीर तीच आहे. आता जास्त स्पष्ट ऐकू येते, इतकंच."

मग धाकटीचं रेकॉर्डिंग नव्या हेडफोनमधून लक्ष देऊन ऐकलं. आजवर मला ते जमलं नव्हतं. प्रत्येक प्रकरणाच्या आधी बारीक किणकिण होत होती. हेडफोन खराब! दाढीवाल्याला रंगेहाथ पकडल्याच्या आनंदात दुकानात गेलो. त्यानं ऐकलं आणि म्हणाला, "हेडफोन ठीक आहेत. हे रेकॉर्डिंगमध्येच आहे." विकणारे असंच म्हणतात. त्याला खोटं पाडायचं म्हणून घरी येऊन पुन्हा ऐकलं, आणि मध्येच हेडफोन काढून ठेवले. तो आवाज मी संसारभर रोज सकाळी ऐकला होता. भिंतीतलं कपाट उघडून ती हँगर दांडीवर बाजूला सारायची, तो.

कपाट उघडून पाहिलं. दांडीला आतल्या बाजूनं माइक अडकवायची चिकटपट्टी अजून आहे. ती स्टूल ओढून कपाटात डोकं घालून, कपड्यांच्या मधोमध बसून वाचायची. दाढीवाल्याला फोन केला तर म्हणाला, "काका, कपडे आवाज पितात. काकूंनी फुकटात स्टुडिओ केला होता!" (फुकटाचं कौतुक करणारा दुकानदार हा मला जास्तच संशयास्पद वाटतो.) मीही स्टूल घेऊन आत बसलो. रिकामं कपाट ढोलासारखं घुमतं. माझ्या पँटी आणि स्वेटर टांगून पाहिले. त्यांनी काही प्यायलं नाही.

एवढंच कळवायचं होतं. भावजींना नमस्कार. गुडघ्यावर जोर देऊ नका.

तुमचा,
धाकटा मेहुणा

ता.क. त्या आठवड्यात तुम्ही पिशव्या भरून नेलेले धाकटीचे कपडे परत पाठवावेत. "डोळ्यांसमोर नकोत" असं तुम्ही म्हणालात, तेव्हा मी काही बोललो नाही. मी तेव्हा कशालाच काही बोलत नव्हतो. आता मागतो आहे त्याचं कारण निव्वळ तांत्रिक आहे.

ता.क. २. वाटून टाकले असतील तर उरलेले पाठवावेत. निदान तपकिरी लोकरी कोट. लोकर आवाज चांगला पिते.

ता.क. ३. कुठलीही वस्तू धुऊन, इस्त्री करूनच परत करायची तुमची सवय मला माहीत आहे. कृपया धुऊ नयेत. धुतल्यानं कापडाची आवाज पिण्याची ताकद जाते, असं ऐकून आहे (कुणाकडून ते विचारू नये). आधीच धुतले असतील, तर पाठवायची तसदी घेऊ नका. गाद्या उभ्या करूनही काम भागतं, असं दाढीवाला पहिल्याच दिवशी म्हणाला होता.