दुपारचे पेशंट

१२ जुलै २००४, शिरूर

आज हॉस्पिटलात रुजू झाले. आबा पेढ्यांचा पुडा घेऊन दौंडहून सोडायला आले होते. वॉचमनपासून आया सगुणाबाईंपर्यंत सगळ्यांना सांगत सुटले, माझी लेक रशियातनं डॉक्टर होऊन आलीय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण बरंही वाटलं. ते गेल्यावर सरांनी, म्हणजे इथल्या मोठ्या डॉक्टरांनी, समजावलं. दिल्लीची परीक्षा पास होईपर्यंत इथं रशियाची डिग्री चालत नाही. तोवर बीपी घ्यायचं, ड्रेसिंग करायचं. इंजेक्शन-औषधाला हात लावायचा नाही. काही बरंवाईट झालं तर डिग्री कायमची जाईल. पेशंट तुला सिस्टर म्हणतील, वाईट वाटून घेऊ नकोस, म्हणाले. घेणार नाही. सप्टेंबरात परीक्षा आहे, मग बघाच माझा थाट. राहायला दिलेली मागची खोली हवेशीर आहे.

३ ऑगस्ट

ओ सिस्टर, बेडपॅन कुठंय? दिवसभर हेच. खऱ्या सिस्टरही मला त्यांच्यातली धरत नाहीत. बर्फात काढलेली ती वर्षं कुणाला सांगू?

दुपारी सर जेवायला जातात, तेव्हा मी ड्रेसिंगरूममध्ये अभ्यासाला बसते. आज एक म्हातारी आली. हिरवं लुगडं, हनुवटीवर गोंदण. समोर बसली, मनगट पुढं केलं आणि म्हणाली, "डॉक्टरीणबाई, बघा वो जरा." इकडची रीतच आहे, आधी मनगट पुढं, मग दुखणं. मला रडू फुटलं. पण नाडी काही सापडेना, आणि हात गारढोण. कामाविना माझी बोटं गंजली म्हणायची. लाजेपायी सांगून टाकलं, नाडी चांगलीय आजी. ती समाधानानं गेली.

४ ऑगस्ट

सगुणाबाईंना विचारलं, ती कोण. गोंदण म्हटल्याबरोबर त्या मटकन खालीच बसल्या. तळेगावची रतनबाई व्हती ती, म्हणाल्या, परवाच न्हाई का गेली, कोपऱ्यातल्या खाटंवर? माझ्यावरून मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या. मी हसले. असल्या गोष्टींना आबांनी घरात कधी थारा दिला नाही.

२६ ऑगस्ट

काल अपघातातला माणूस गेला. आज दुपारी तो समोर बसला होता. छाती चेपलेली, मनगट पुढं. डॉक्टरीणबाई.

मी पळून जायला हवं. पण खरं सांगते, दुपार झाली की केस विंचरते, ट्रंकेतला अ‍ॅप्रन काढून घालते आणि वाट बघते. आबा सोडले तर जिवंत माणसांत मला कुणी डॉक्टर म्हणत नाही.

१८ ऑक्टोबर

नापास. थोडक्यात हुकले. एसटीडीवरून आबांना कळवलं. पुढच्या खेपेला होईल, म्हणाले. आवाज बसला होता त्यांचा.

हल्ली वॉर्डात कुणी अत्यवस्थ आलं की मला वाटतं – नको. लिहायला नको.

२ नोव्हेंबर, दुपार

म्हाळू नावाचा पोरगा. वांग्यावर फवारताना औषध अंगात भिनलं. भाऊ त्याला इथं टाकून सरांना आणायला धावलाय. सरांचा फोन लागत नाही, ड्यूटीवरची सिस्टरही जेवायला गेलीय. तोंडाला फेस, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीएवढ्या. कळतंय मला. लागणारं इंजेक्शन समोरच ट्रेमध्ये आहे – पण डिग्री –

सगुणाबाई म्हणाल्या, तुमाला येतंय ना, मंग द्या की वो. आणि रडत गेटाकडं पळाल्या.

सिस्टर, सरांना बोलवा. एवढंच म्हणतोय तो. सिस्टर.

हात मागं घेतला मी. नियमामुळं. नियमामुळंच ना? की मला –

लिहीत काय बसलेय मी –

घरघर थांबली –

नाही. देते. चुलीत गेली डिग्री. सिरिंज भरली, देतेच –

उठून बसलाय. बरा दिसतोय. चेहरा शांत. हसतोय माझ्याकडं बघून. मनगट पुढं करून म्हणतोय, डॉक्टरीण –