माकणीच्या बोलीत फुटबॉल

माय, आज टीव्हीवरून माझा आवाज गावोगावी गेला आणि तो आपल्या माकणी गावचाच होता. हे सगळ्यात आधी तुला सांगावं वाटलं, म्हणून लिहायला बसले. तुला जाऊन चौदा वर्षं झाली.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं हटलं की जी सपाट जमीन उघडी पडायची, तिथं आम्ही पोरी खेळायचो. गावात पोरांना क्रिकेट, पोरींना खो-खो. फुटबॉल आणला तो शाळेत नव्यानं आलेल्या बाईंनी. पहिल्याच आठवड्यात मी नडगी फोडून घरी आले. वाटलं, आता खेळ बंद. तू हळद लावलीस, जुन्या गोधडीचे दोन तुकडे फाडलेस, त्यात बांबूच्या कांबट्या घालून शिवलंस आणि माझ्या पायांना नाडीनं बांधून बघितलंस. "आता मार म्हणावं, कुणाला मारायचंय ते." पहिल्या सामन्यात तालुक्याच्या पोरी त्या पट्ट्या बघून लई हसल्या. मध्यंतरानंतर हसल्या नाहीत. तोवर आम्ही दोन गोल चढवले होते.

पुढचा सामना मात्र हरलो. तू भाकरी थापतेयस आणि मी आमच्या गोलकीपरच्या नावानं खडे फोडतेय. "तिच्यामुळं हरलो. सगळ्यांसमोर सांगितलं तिला, उद्यापासून येऊ नको म्हणून." तुझे हात थांबतात. "तिच्यापतूर बॉल गेलाच कसा? तुमी दहा जणी काय करत हुत्या?" "जा, तिला घिऊन ये. ती आल्याबिगर तुला जेवायला वाढायची न्हाय." मी गेले. ती ओसरीवर डोळे सुजवून बसली होती. चुकलं म्हणाले, हाताला धरून आणलं आणि तू दोघींना एकाच ताटात वाढलंस.

मी राज्याच्या संघात गेले, तेवढं तू बघितलंस. नंतरची पुण्यातली वर्षं आणि गुडघा गेला तो दिवस तुझ्या माघारी आला. डॉक्टर म्हणाले, चालाल, थोडं पळालही, पण सामने विसरा. आठ दिवस भिंतीकडं तोंड करून पडले. नवव्या दिवशी उठले आणि एका शाळेत पोरींना शिकवायला लागले. मी खेळाडू चांगली होते. प्रशिक्षक त्याहून चांगली आहे, हे न लाजता सांगते. माझ्या संघात हरल्यावर कुणी गोलकीपरकडं बोट दाखवत नाही.

मग मराठी समालोचनाचं बोलावणं आलं. पहिल्या दिवशी निर्माते म्हणाले, "मॅडम, 'लई' नको, 'खूप' म्हणा. लोक हसतील."

"हसू द्या की. मध्यंतरापर्यंत ऐका, मग सांगा."

मध्यंतराला हेडफोनवर ते एवढंच म्हणाले, "चालू द्या. असंच."

आज अंतिम सामना होता. एक गोल पंचांनी नाकारला, तेव्हा मी सांगितलं, "पास सुटला तवा गोलकीपर सोडून गोल मारणारीच्या पुढं समोरच्या संघातलं कुणीच नव्हतं. म्हणून ऑफसाइड." शेजारचे समालोचक म्हणाले, इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. आणि मला एसटी आठवली. तू एकदाच धाराशिवला माझा सामना बघायला आली होतीस. परतताना विचारलंस, "बॉल जाळीत गेला, तरी पंचानं गोल का दिला न्हाय गं?" मी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ऑफसाइड हुता. जाऊ दे, तुला न्हाय कळायचं." तू पदर सावरून घेतलास. पुन्हा कधी खेळातलं काही विचारलं नाहीस.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक खरं लिहून ठेवते. ऑफसाइड म्हणजे काय, ते तेव्हा मलाच माहीत नव्हतं.