पंचवीसपैकी सोळा

प्रिय सारंग,

कौस्तुभ म्हणाला, तू कागद घेशील. फोन नको, आवाज नको, मध्ये कुणी नातेवाईक नको, पण आईनं हातानं लिहिलेलं काही असेल तर वाचेन, कबूल मात्र काही करत नाही, असा तुझा निरोप. मी त्या पोराला जिन्यातच अडवून तीनतीनदा विचारलं की तो जेवतो का, झोपतो का, खोकला गेला का. बिचारा घामाघूम झाला. ‘काकीमा, ओ भालो आछे,’ तो बरा आहे, एवढंच घोकत राहिला आणि पत्ता काही सांगितला नाही. मैत्रीला जागला. मला त्याचा राग यायला हवा होता, पण मी त्याला आत बसवून चिवडा दिला. आज रविवार, चार वाजता तो पत्र न्यायला येणार आहे. आत्ता पावणेदोन होतायत आणि तुला जाऊन एकोणीस दिवस झालेत.

सकाळपासून मी तीन कागद फाडले. पहिला तर फारच सुरेख उतरला होता. आधी आपुलकी, मग मुद्दा, मग दोन दाखले, शेवटी आवाहन. न्यू टाउनच्या आमच्या विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलांना मी संवादकौशल्य म्हणून जे शिकवते ते सगळं त्यात होतं. वाचला आणि तिथेच फाडला. मुलगा घर सोडून गेलाय आणि बाई परिच्छेद पाडतेय! कौस्तुभनं चाचरत सांगितलं की तू म्हणतोस, आई बोलायला लागली की शिकवायला लागते. खरं आहे. म्हणून हे जसं सुचेल तसं लिहितेय, खाडाखोड झाली तरी हाच कागद देणार.

बाबांचं सांगते. ते चौकीवर दोनदा जाऊन आले. तिथला माणूस सभ्य होता, चहा दिला, पण म्हणाला, वीस वर्षांचा मुलगा स्वतः मेसेज करून गेलाय, आम्ही नोंद घेतो, तुम्ही वाट बघा. वाट बघणं बाबांना जमत नाही हे तुला माहीत आहे. बँकेतून आले की बूटसुद्धा न काढता तुझा नंबर लावतात. फोन बंद असल्याचं ती बाई आधी बंगालीत सांगते, मग हिंदीत, मग इंग्रजीत. तिन्ही ऐकून घेतात आणि मगच ठेवतात. परवा मी चिडून म्हटलं, तिचं काय ऐकत बसता. तर म्हणाले, मध्येच उचलला तर? मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. खालच्या मजल्यावरच्या मासीमांना मी तू पुण्याला ट्रेनिंगला गेलायस अशी थाप मारली आहे. त्या रोज विचारतात की दुर्गापूजेला तरी येणार ना. ब्लॉकच्या मांडवाचे बांबू बांधायला घेतलेत, दिवसभर ठोकाठोक चालू असते.

आपण इकडे बंगाली मुलखात, सॉल्ट लेकला आलो तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. बाबांची बदली, नवं शहर, आणि शाळेत तुला कुणाचंच बोलणं कळेना. चौथीत पहिल्यांदा वक्तृत्वाला नाव दिलंस, तेव्हा जेवणाच्या टेबलाच्या टोकाला तुला उभं करून मी तुझं भाषण ऐकलं, कागदावर पाच रकाने आखले आणि मार्क दिले. उच्चार, नजर, हातवारे, मांडणी, शेवट. प्रत्येकी पाच. मग ती घराची पद्धतच पडली. स्पर्धा असो, शाळेतलं प्रोजेक्ट असो, तू येऊन ‘आई, तीन मिनिटं’ म्हणायचास आणि मी कागद घ्यायची. शेवटी तू लवून ‘थँक यू, मॅम’ म्हणायचास आणि आपण हसायचो. मला केवढा अभिमान होता त्याचा! वर्गात दाखला म्हणून सांगायची मी. आणि मराठी? मराठी आपल्या घरात उरली ती ऊठ, आवर, जेव, किती वाजता येणार, एवढ्यापुरती. मित्रांशी तुझी बंगाली, कॉलेजात इंग्रजी. पोटातलं अवघड काही बाहेर काढायचं तर कुठल्या भाषेत, कसं, कुणाजवळ, हे आम्ही तुला दिलंच नाही. दिलं ते टेबलाचं टोक. मग तू अवघड गोष्ट घेऊन तिथेच येऊन उभा राहिलास, यात तुझं काय चुकलं?

त्या रविवारी मी लसूण सोलत होते. तू आलास, टेबलाला हात टेकलास आणि म्हणालास, आई, तीन मिनिटं. दीडेक वर्षात तू असं म्हणाला नव्हतास. मी लसूण बाजूला सारून इतक्या उत्साहानं कागद शोधायला धावले की तुझ्या चेहऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तू इंग्रजीत बोललास. झाल्यावर मी सांगितलं की विषय धाडसी आहे, नजर सारखी जमिनीकडे जाते, मध्ये फार थांबतोस आणि शेवट केलेलाच नाहीस. पंचवीसपैकी सोळा. तू कागद हातात घेतलास, वाचलास, ‘थँक यू, मॅम’ म्हणालास आणि खोलीत गेलास. मंगळवारी सकाळी डबा घेऊन निघालास तो आलाच नाहीस. संध्याकाळी बाबांना तुझा मेसेज आला की माझा मी गेलोय, शोधू नका. शुक्रवारी कॉलेजचं पत्र आलं की आपला मुलगा एप्रिलपासून वर्गात आलेला नाही, परीक्षेलाही बसलेला नाही. बाबा पत्र मोठ्यानं वाचत होते आणि त्यातली एकही गोष्ट मला नवी नव्हती. सगळं मी टेबलापाशी ऐकलं होतं.

नोकरीवर मी जातेय. घरी बसले तर वेड लागेल. गेल्या बुधवारी माझा तास होता ऐकण्यावर, बघ नशीब कसं असतं. त्यात मी मुलांच्या जोड्या लावते. एकानं दोन मिनिटं बोलायचं, दुसऱ्यानं सल्ला द्यायचा नाही, मत द्यायचं नाही, फक्त जे ऐकलं ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. बारा वर्षं घेतेय हा प्रकार. वैदेही म्हणून आसनसोलची एक मुलगी आहे, फारशी बोलत नाही. तिनं हॉस्टेलमध्ये तिला कुणी जेवायला बरोबर नेत नाही असं काहीतरी सांगितलं. तिच्या जोडीदारणीनं ते जसंच्या तसं परत सांगितलं आणि वैदेही ढसाढसा रडायला लागली. मी विचारलं, काय झालं गं? तर म्हणाली, काही नाही मॅम, पोचलं म्हणून. मी मुलांना पाच मिनिटं लवकर सोडलं आणि रिकाम्या वर्गात बसून राहिले. बारा वर्षं जे दुसऱ्यांच्या मुलांकडून करून घेतलं, ते माझ्या मुलासाठी एकदाही केलं नव्हतं.

तर आता करते. तू काय म्हणालास ते मी परत सांगते. चुकलं तर कौस्तुभकडे निरोप दे.

तू म्हणालास की एप्रिलमधल्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी एक सोपा प्रश्न विचारला. उत्तर तुला येत होतं. तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. ते थांबले, तू थांबलास, घड्याळ दिसत होतं. मग मागून कुणीतरी म्हणालं, याची आई तर बोलायला शिकवते, आणि सगळे हसले, सरसुद्धा. तू म्हणालास की त्यानंतर नाव विचारलं तरी घसा बंद होतो. म्हणून वर्गात जाणं सोडलंस. रोज साडेआठला डबा घेऊन निघायचास, दमदमला जायचास आणि मेट्रोच्या फलाटावर बसायचास. डबा तिथेच खायचास आणि पाचला घरी यायचास. मी विचारायची, भाजी कशी होती? तू सांगायचास, छान होती. निकाल विचारला की म्हणायचास, लांबलाय. तू म्हणालास की खोटं बोलायला मात्र घसा कधी बंद झाला नाही, त्याची तुला लाज वाटते. आणि मग म्हणालास की काही दिवशी मी बाकावरून उठून अगदी कडेला जाऊन उभा राहतो, गाड्या येतात, मी त्यांना जाऊ देतो, आणि मला माझीच भीती वाटते.

तिथे तू थांबलास. शेवट केला नाहीस, कारण शेवट माझ्याकडून हवा होता. आणि मी त्या वाक्यासमोर कागदावर लिहिलं, ‘प्रतिमा चांगली’. मांडणीला चार दिले.

विद्यापीठ सुटलं की मी रोज दमदमला जाते. त्या फलाटावरच्या प्रत्येक बाकावर बसून झालंय. तिथला गार्ड आता ओळखतो, दीदी, आजही नाही का भेटले, म्हणून विचारतो. गाडी आत येताना मी डोळे मिटते आणि ती थांबल्याचा आवाज आला की उघडते. मी फार घाबरलेय, सारंग. कॉलेज गेलं खड्ड्यात. डिग्री नसली तरी माणसं जगतात. तू म्हणशील त्या डॉक्टरकडे जाऊ, मी आत येणार नाही, बाहेरच्या खुर्चीवर बसेन. डॉक्टर नको तर नको म्हण, पण ज्या दिवशी तशी भीती वाटेल त्या दिवशी कौस्तुभला उठव, नाहीतर रस्त्यावरच्या कुणाचाही हात धर. एकटा राहू नकोस. हे शिकवणं झालं का? झालं असेल तर होऊ दे, हे एवढं शिकवतेच.

साडेतीन वाजून गेले. आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते लिहिते, नाहीतर तेवढंच राहून जाईल. बाबांना, कौस्तुभला, चौकीवरच्या त्या माणसालाही मी सांगितलंय की मला ते स्पर्धेचं भाषण वाटलं. सगळ्यांना पटलं. बाबांनी तर माझीच समजूत घातली, तुला कसं कळणार होतं म्हणून. आणि तूही तेच धरून बसला आहेस. कौस्तुभ जिना उतरताना म्हणाला की तू त्याला सांगितलंस, मला आईलासुद्धा सांगता आलं नाही, मग आता कुणाला सांगता येणार. ते ऐकल्यापासून मला बसवत नाही, कारण मी खोटं बोलले आहे. तू तोंडी परीक्षेचं सांगत होतास तोपर्यंत मला ते भाषण वाटत होतं. तू डब्याचं सांगितलंस तेव्हा शंका आली, आणि फलाटाचं सांगितलंस तेव्हा मला कळलं. सगळं कळलं. पण मी पेन खाली ठेवलं असतं तर ते खरं झालं असतं, आणि खरं झाल्यावर तुझ्याशी काय बोलायचं ते मला येत नव्हतं. म्हणून मी मार्क दिले. तू माझ्या तोंडाकडे बघत उभा होतास आणि मी मान खाली घालून बेरीज करत होते. मग दोन रात्री तुझ्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत आले. हे आज बाबांनाही सांगणार आहे, पण आधी तुला. माझा राग कर, तोंड बघायचं नसेल तर बघू नकोस, घरी यायचं की नाही ते तू ठरव. पण आपल्याला सांगता येत नाही, असं मनात धरून त्या फलाटावर पाऊल टाकू नकोस. तू अगदी नीट सांगितलंस, बाळा. शब्दन्‌शब्द पोचला होता. बोलता आलं नाही ते मला.

तुझीच,
भित्री आई