दुपारी दोन ते चार, वरच्या मजल्यावर

३ मार्च

या नोंदींतून एकच गोष्ट सिद्ध करावयाची आहे. आमच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरील सभागृह बॅले शाळेला दुपारी दोन ते चार लागत नाही. सबब त्या वेळेत तेथे वाचनकक्ष सुरू करावा. सोसायटीचा अध्यक्ष या नात्याने हे सिद्ध करण्याचा भार माझ्यावर आहे, आणि तो मी टाळणार नाही.

हेतू: आवाज नाही. सभागृह बरोबर आमच्या डोक्यावर आहे. सकाळी आणि संध्याकाळी शहरातली मुले नाचतात तेव्हा छताचा दिवा हलतो, पियानो ऐकू येतो. दुपारी काहीही नाही! जमिनीवर घडा असता तर दिसला असता. दिसत नाही, त्याअर्थी नाही. मीमांसकांनी याला स्वतंत्र प्रमाण मानले आहे. सोसायटीच्या सभेला एवढे पुरेल.

पूर्वी दुपारी मी ग्रंथालयात असे, म्हणून हे लक्षात आले नाही. आमच्या हिचे खुब्याचे हाड मोडल्यापासून घर सोडता येत नाही. वाचनकक्ष इमारतीतच झाला तर माझी सोय होईल, हेही येथे नमूद करतो. सोय आणि सत्य एकाच दिशेला असू शकतात.

५ मार्च

ही दुपारी झोपते. जेवण झाले की भिंतीकडे तोंड, डोळे मिटलेले. मी शेजारी टेबलाशी लिहीत बसतो. टाक थांबवून ऐकतो. वर — शून्य.

६ मार्च

शून्य.

१० मार्च

एक अडचण. दोनच्या सुमारास खाली बस थांबते, आसपासच्या गावांतली मुले उतरतात आणि जिना चढून वर जातात. खिडकीतून स्वतः पाहिले. साडेचारला तीच मुले त्याच बसने परत जातात. मग मधल्या वेळात ती करतात काय? एवढी मुले एका खोलीत आणि आवाज नाही — हे निसर्गनियमाविरुद्ध आहे!

दुसरी अडचण. इमारतीला हल्ली एक चमत्कारिक चोरटेपणा आला आहे. समोरचा शिंपी जिना चढतो तो मांजरासारखा. त्याचे शिवणयंत्र रस्त्याकडच्या खोलीत असे, ते त्याने मागच्या अंधाऱ्या खोलीत हलवले आहे. कारण विचारले तर म्हणाला, “काही नाही सर, बदल म्हणून.” अंधारात बदल!

चिटणिसांना माझा अर्ज पसंत आहे. “चवड्यांवर चालायला सभागृह कशाला हवं, सर? आमच्या गल्लीत चिखल झाला की सगळेच बॅले करतात.” विनोद बरा होता. युक्तिवाद नव्हे.

११ मार्च

वर जाऊन पाहिले. जे पाहिले ते जसेच्या तसे लिहितो, कारण अर्थ लागत नाही.

दार अर्धे उघडे. मुले भिंतीलगतच्या आडव्या दांड्याला धरून ओळीने उभी, पायांत नुसते मोजे. पियानोवर एक निवृत्त बसचालक, जो यांना साथ करतो. पियानोचे झाकण बंद! आणि हा गृहस्थ बंद झाकणावर दहाही बोटांनी वाजवीत होता, मान डोलावून, अगदी रंगात येऊन. मुले त्याच्या बोटांकडे टक लावून पाहत होती. मग दांडा सोडून सगळी मध्यभागी आली आणि पाय जागचे न हलवता हात फिरवू लागली. दोन तळवे एकमेकांभोवती फिरतात, वर उडतात, खाली येऊन थांबतात. जणू पायांचे काम हातांवर सोपवले आहे. कोणी बोलत नाही. एका मुलीला शिंक आली, तर दोघींनी झडप घालून तिचे नाक दाबले.

बाई, म्हणजे शाळेच्या शिक्षिका, लगबगीने दाराशी आल्या. कुजबुजत म्हणाल्या, “सर, अजून आवाज येतो का हो खाली?”

मी म्हणालो, “आवाज येत नाही, हाच तर माझा मुद्दा आहे.”

त्यांचा चेहरा उजळला. “खरंच? बरं झालं बाई! मुलांना सांगते मी.”

आपल्या विरुद्धचा पुरावा ऐकून कोणी आनंदते का? मी गोंधळलो. नमस्कार करून खाली आलो.

१२ मार्च

रात्रभर विचार केल्यावर एवढे ठरले. नाच पायांनी होतो, संगीत कानांनी ऐकले जाते. तेथे यांपैकी काहीच होत नाही; जे चालते तो काही पोरखेळ असावा. बाईंचा आनंद — त्यांना शाळा आवरतीच घ्यावयाची असेल. हे निगमन मला स्वतःलाच फारसे पटत नाही. परंतु दुसरे सुचत नाही.

हिला सांगणार होतो. डोळे मिटलेले होते.

१७ मार्च

सभा झाली. मी हेतू, उदाहरण, सारे क्रमाने मांडले. बाई मागच्या बाकावर होत्या. माझे बोलणे चालू असताना त्या माझ्याकडे अशा पाहत होत्या, जणू मी परकी भाषा बोलत आहे. चिटणिसांनी विचारले, “शाळेला काही म्हणायचंय?” त्या उठल्या, सगळ्यांकडे पाहिले, म्हणाल्या, “नाही. सर म्हणतात तसं.” आणि बसल्या.

ठराव एकमताने मंजूर, अंमल १ एप्रिलपासून. विरोधी हात एकही नाही! चाळीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले. वर्गात एवढे निर्विवाद यश कधी मिळाले नव्हते.

१८ मार्च

सकाळी दूध घेऊन येताना बाई जिन्यात भेटल्या. हातात मुलांच्या बुटांची पिशवी.

मी म्हटले, “संध्याकाळची वेळ आपल्याकडे आहेच. दुपारच्या मुलांना तेव्हा बोलवा.”

“संध्याकाळी त्यांना परतीची बस नाही, सर. ती मुलं गळणार आता. निम्मी शाळाच म्हणा ना.” मग जरा थांबून म्हणाल्या, “जागा गेली त्याचं एक वेळ ठीक. पण त्यांना सांगू काय? काकू इस्पितळातून घरी आल्या त्या दिवशी तुम्हीच या पायरीवर म्हणालात, हिला दुपारी जरा झोप लागते. मी वर्गात सांगितलं. तर मुलंच म्हणाली, बाई, आपण उड्या नको मारायला, हातांनी करू. नाचणारे दमले की करतातच तसं, पाय वाचवायला. पण ते घटकाभर! यांनी रोज केलं. पुढच्या महिन्यात रंगमंचावर उभं राहायचंय आणि एकानंही धड उडी मारलेली नाही. आणि काल तुम्ही सांगितलंत, आवाज नाही म्हणून नाच नाही.”

“मग हे सभेत का नाही बोललात?”

“काकूंच्या आजारपणाचे उपकार चारचौघांत मोजायचे का, सर?”

समोरचा शिंपी दारात उभा होता. त्याने सगळे ऐकले होते. त्याला म्हणालो, “पण ठराव तर एकमताने झाला. आपण हात वर केलात!”

“सर, घरात एवढं दुखणं. त्यात तुमच्याशी वाद कोण घालणार? आम्ही म्हटलं, होऊ दे त्यांच्या मनासारखं. मागून बघू काहीतरी.”

म्हणजे माझ्या युक्तिवादाला एकही मत पडलेले नाही. सगळी मते हिच्या हाडाला पडली.

१९ मार्च

ठराव रद्द करण्याची सूचना मीच मांडणार. चिटणीस म्हणाले, “सर, परवा तर एवढं ठासून सांगितलंत!” सांगितले होते खरे.

परंतु त्याने प्रश्न सुटत नाही. जागा परत मिळेल, उड्यांचे काय? मुले नाचली तर हिची झोप जाते. ही झोपली तर मुले रंगमंचावर तोंडघशी पडतात. दोन्ही पक्ष तुल्यबळ. विद्यार्थ्यांना अशा कोंडीवर मी सांगत असे, आधी गृहीतके तपासा. सकाळपासून तपासतो आहे. एकही सैल सापडत नाही. दुपारी टेबलाशी बसून पुन्हा तीच मांडणी केली. वर शून्य. ते शून्य आता ऐकवत नाही.

२० मार्च

जेवणानंतर धीर करून हिला सगळे सांगितले. शाळा, हात, बंद झाकण, ठराव. विचारले, “आता तूच सांग. तुझ्या झोपेचे काय करावे?”

हिने डोळे उघडले. “झोप? अहो, दुपारी माझा डोळ्याला डोळा लागत नाही. हाड ठणकतं. डोळे मिटून पडते ते तुमच्या लिहिण्यात व्यत्यय नको म्हणून.” मग छताकडे पाहत म्हणाली, “पूर्वी तुम्ही ग्रंथालयात जायचात, तेव्हा दुपारभर वर त्यांच्या पावलांची सोबत असायची. कोण चुकलं, कोण पडलं, सगळं कळायचं मला. घरी आले तर सामसूम. मला वाटलं, शाळा बंद पडली. विचारणार होते. पण तुम्ही असे कान लावून बसलेले.”

जिना चढून गेलो आणि भर वर्गात मोठ्याने म्हणालो, “उड्या मारा.”

मान्य करतो: साक्षीदार हाताच्या अंतरावर असताना मी त्याची साक्ष घेतली नाही. चूक एवढीच.

(सही)
निवृत्त प्राध्यापक, तर्कशास्त्र